‘लग्न का करायचे?’ याचे उत्तर कोणी द्यायचे?

एका वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात:

“मी 31 वर्षांची आहे. एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करते आणि आईवडील, भाऊ व वहिनी यांच्यासह राहते. गेली काही वर्षे घरात माझ्या लग्नाशिवाय दुसरा विषय निघत नाही. माझी कोणा एका मुलाबद्दल तक्रार नाही. मला लग्न ही व्यवस्थाच पटत नाही. वहिनी जवळजवळ माझ्याएवढेच कमावते, पण कामावरून आल्या आल्या ती ओट्याशी उभी राहते आणि भाऊ टीव्हीसमोर बसतो. मी हे बोलले की वडील विचारतात, ‘मग सगळे जग वेडे आहे का?’ आईने एका वधू-वर सूचक मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला माझा बायोडाटा मागच्या महिन्यात माझ्या हाती आला. त्यात लिहिले होते, ‘लग्नानंतर नोकरी सासरच्या मंडळींच्या इच्छेनुसार.’ मला कोणी विचारले नव्हते. तरी आईचे मन राखण्यासाठी मी स्थळे पाहायला जाते आणि नंतर नकार कळवते. वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे व तो माझ्या काळजीने वाढला, असे सगळे म्हणतात. घर भावाच्या नावावर करायचे, ‘ती काय, लग्न होऊन जाईलच’ असेही बोलणे चालू आहे. ही व्यवस्था अन्यायकारक आहे हे मी त्यांना कसे पटवून देऊ? म्हातारपणी माझे कोण करणार, याचे उत्तर माझ्याकडे नाही. आणि उद्या माझेच मन बदलले तर?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात मुद्दे पुष्कळ आहेत, पण मी पुन्हा पुन्हा थांबलो तो बायोडाट्यातील त्या एका ओळीपाशी. ज्या घराचा पत्ता अजून ठाऊक नाही, ज्या माणसांची तोंडे कोणी पाहिलेली नाहीत, त्यांच्या हाती तुमच्या नोकरीचा निर्णय आधीच सोपवून झाला आहे आणि तोही तुमच्या नावाने. ही ओळ आईने दुष्टपणाने लिहिलेली नाही, हे तुम्हालाही माहीत असणार. कोणत्या वाक्याने फोन येतात आणि कोणत्या वाक्याने येत नाहीत, हे तिला इतक्या वर्षांत नीट कळले आहे आणि त्याप्रमाणे तिने ते लिहिले. म्हणूनच मला ती ओळ आईच्या मताहून गंभीर वाटते. मुलीकडून काय अपेक्षिले जाते, याचा तो एका ओळीतील गोषवारा आहे. त्याच गटावरील मुलांचे बायोडाटे काढून पाहा. ‘लग्नानंतर नोकरी सासरच्या इच्छेनुसार’ असे एकाही मुलाच्या माहितीत लिहिलेले तुम्हाला सापडणार नाही.

तेव्हा पहिले काम हे की, तो बायोडाटा गटावरून काढून टाकायला आईला सांगा. त्यासाठी विवाहसंस्थेवर चर्चा करण्याची गरज नाही. “माझ्या नावाने जे काही बाहेर जाईल, ते मी वाचल्याशिवाय आणि होकार दिल्याशिवाय जायचे नाही,” एवढेच बोला. हे वाक्य लग्न करू इच्छिणाऱ्या मुलीलाही तितकेच लागू पडते आणि त्याला विरोध करणे कोणत्याही आईला जड जाईल.

आता तुमचा मुख्य प्रश्न. ही व्यवस्था अन्यायकारक आहे हे वडिलांना कसे पटवून द्यावे, असे तुम्ही विचारता. माझे स्पष्ट मत असे आहे की, ते पटवून देण्याची जबाबदारी तुम्ही स्वतःवर घेऊ नये. तुमच्या घरात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. लग्नसंस्था न्याय्य आहे का, हा एक प्रश्न आणि मला लग्न करायचे आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काहीही आले तरी दुसऱ्याचे उत्तर तुमचेच राहते. ही व्यवस्था उद्या सर्वस्वी निर्दोष ठरली, तरीही तुम्हाला ती नको असू शकते आणि त्यासाठी कोणाला पुरावे देण्याचे कारण नाही. मात्र वाद पहिल्या प्रश्नावर चालू राहिला की वडिलांजवळ ओळखीतल्या सुखी जोडप्यांची नावे तयार असतात, तुमच्याजवळ दुःखी जोडप्यांची असतात आणि ज्याची यादी लांब त्याची सरशी, असा तो खेळ होऊन बसतो. त्यातही एक गोष्ट तुमच्या ध्यानात आलेली नसावी. “लग्न ही व्यवस्थाच चुकीची” हे वाक्य तुमच्या आईवडिलांना त्यांच्या स्वतःच्या संसारावर दिलेला निकाल म्हणून ऐकू येते. ज्या गोष्टीत आयुष्य घातले तिच्यावरचा असा निकाल कोणी शांतपणे ऐकून घेत नाही. “मला लग्न करायचे नाही” हे वाक्य त्यांना दुखवील, पण त्यात त्यांच्यावर ठपका नाही.

याचा अर्थ तुमचा प्रश्न पोकळ आहे, असा कृपा करून घेऊ नका. तुम्ही ओट्याशी जे पाहता ते देशभर मोजले गेले आहे. केंद्र सरकारच्या 2019च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचे दिवसातील सरासरी 299 मिनिटे त्यांत जातात, तर ती कामे करणाऱ्या पुरुषांची 97. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019–21) 18 ते 49 वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी 29.3 टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले आहे. ज्या गोष्टीला घरोघरी ‘सुरक्षितता’ म्हटले जाते, तिच्याकडे पाहताना हा आकडा बाजूला ठेवता येत नाही. पत्नी 18 वर्षांपेक्षा लहान नसेल, तर पतीने तिच्यावर केलेली लैंगिक जबरदस्ती हा आजही बलात्कार मानला जात नाही. जुन्या दंडसंहितेतील तो अपवाद 2023च्या भारतीय न्याय संहितेत कायम राहिला आहे.

असे प्रश्न विचारणे हे परदेशातून आलेले खूळ आहे, असे तुमच्या घरी कोणी म्हणत असेल, तर त्यांना रखमाबाईंची गोष्ट सांगा. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुंबईच्या मुलीने मोठेपणी नवऱ्याच्या घरी जायला नकार दिला. 1884 साली नवरा दादाजी भिकाजी याने तिच्यावर मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलानंतर प्रकरण फिरले आणि 1887 साली तिला सांगण्यात आले की नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले आणि पुन्हा लग्न केले नाही. त्या खटल्याने पेटलेल्या वादाला 1891च्या संमतिवयाच्या कायद्यामागील कारणांत मोठे स्थान आहे. ज्या प्रकारच्या दाव्याने त्यांना न्यायालयात खेचले, त्याची तरतूद मात्र 1955च्या हिंदू विवाह कायद्यात कलम 9 म्हणून अजून उभी आहे. आता त्यासाठी तुरुंग नाही, पण न जाणाऱ्या जोडीदाराच्या मालमत्तेवर जप्ती आणता येते.

आणि तरीही ‘लग्न म्हणजे गुलामगिरीच’ असे प्रमाणपत्र मी तुम्हाला लिहून देणार नाही, कारण मला ते खरे वाटत नाही. सत्यशोधक समाजाची स्थापना सप्टेंबर 1873मध्ये झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पुरोहिताविना पहिला सत्यशोधक विवाह लागला. जोतीराव फुल्यांनी त्या पद्धतीसाठी ज्या मंगलाष्टका रचल्या, त्यांत वधू बोलते. स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच मिळालेला नाही, असे ती वराला सांगते आणि त्याच्याकडून तसे वचन मागते. एकाच शतकात, एकाच समाजात रखमाबाईंनी लग्न नाकारले आणि फुल्यांनी ते नव्याने लिहून काढले. दोघांचेही प्रश्न तुमच्याच प्रश्नाच्या घरातले आहेत. बरोबरीने संसार करणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. तुमच्या नकाराला बळ मिळावे म्हणून त्यांना खोटे ठरवण्याची गरज नाही.

आता थोडे कटू लिहितो. आईचे मन राखण्यासाठी स्थळे पाहायला जाणे तुम्ही ताबडतोब थांबवावे. समोर येणारा मुलगा आणि त्याच्या घरचे लोक आशेने आलेले असतात, तुमचे उत्तर मात्र घरून निघण्यापूर्वीच ठरलेले असते. हा त्यांच्यावर अन्याय आहे. शिवाय अशा प्रत्येक भेटीने आईच्या मनात ‘पोरगी तयार आहे, फक्त मनासारखे स्थळ मिळत नाही’ ही समजूत पक्की होते. म्हणजे जो दबाव तुम्हाला असह्य झाला आहे, त्याला खतपाणी काही अंशी तुम्हीच घालत आहात. एकदा स्पष्ट नाही म्हटल्याने घरात आठ दिवस रडारड होईल, कदाचित अबोला राहील. ते दिवस कठीण जातील, पण दर महिन्याला एक खोटा होकार देण्याहून ते बरे.

वहिनीबद्दलही एक सांगायचे आहे. तिचे उदाहरण तुम्ही वादात वापरता, पण ती ओट्याशी उभी असते तेव्हा तुम्ही कुठे असता, याचा उल्लेख पत्रात नाही. या व्यवस्थेचा लाभ फक्त भावाला मिळत नाही. सुनेच्या कष्टांवर घरातील सर्वांचीच संध्याकाळ सुखाची होते आणि त्या सर्वांमध्ये अविवाहित नणंदही असते. तुम्ही रोज तिच्या बरोबरीने काम करत असाल, तर हा परिच्छेद सोडून द्या. करत नसाल, तर विवाहसंस्थेच्या सुधारणेला तुमच्या स्वयंपाकघरातून आजच सुरुवात करता येईल. भावाला उठवून ओट्याशी आणणे हाही त्याचाच भाग आहे आणि ते काम बहीण जितक्या हक्काने करू शकते तितके बायकोला क्वचितच करता येते. शिवाय वहिनीला तुमच्या वादातला दाखला व्हायचे आहे का, हे तिला आजवर कोणी विचारलेले दिसत नाही.

वडिलांच्या रक्तदाबावर औषध, पथ्य आणि डॉक्टरांची नियमित तपासणी हे उपाय आहेत. मुलीचे लग्न हा त्यावरचा उपचार नाही. त्यांच्या तपासणीची तारीख तुम्ही स्वतः लक्षात ठेवा, त्यांच्याबरोबर जा, आणि ‘तुझ्यामुळे’ हा शब्द कोणी उच्चारला तर तो तिथल्या तिथे नाकारा. मात्र त्यांच्या काळजीच्या तळाशी काय आहे, ते शोधून काढणे तुम्हाला जमेल असे वाटते. ‘जबाबदारीतून मोकळे व्हायचे’ असे आपल्याकडचे वडील म्हणतात, तेव्हा त्यात लोक काय म्हणतील ही भीती असते, आपल्या माघारी मुलगी उघड्यावर पडेल ही असते, आणि बापाचे कर्तव्य अपुरे राहिले ही बोचही असते. यांतली पहिली भीती तुम्ही दूर करू शकणार नाही आणि तो प्रयत्नही करू नका. दुसरीवर मात्र पुष्कळ काही करता येते. इतर कोणी नसताना वडिलांना शांतपणे विचारा, “बाबा, माझे लग्न झाले नाही तर नेमके काय होईल, याची तुम्हाला भीती वाटते?” आणि उत्तर येईल ते मध्ये न बोलता ऐका.

म्हातारपणी कोण करणार, हा प्रश्न त्याच भीतीचा आहे आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. लग्न हे एक गाठोडे आहे. सोबत, घर, पैसा, मुले, आजारपणातली सही, म्हातारपणीची काळजी, समाजातली पत, असे सगळे त्यात एकत्र बांधलेले असते. ज्याला ते गाठोडे नको, त्याने ते सोडून त्यातील प्रत्येक वस्तूचे काय करायचे, हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते. लग्न केलेल्यांनाही खरे म्हणजे हेच करावे लागते, फक्त त्यांना ते उशिरा कळते. बायका साधारणपणे नवऱ्याहून वयाने लहान असतात आणि आयुष्यही त्यांना अधिक लाभते, म्हणून नवऱ्याच्या आधाराने म्हातारपण जाईल हा हिशेब असंख्य स्त्रियांच्या बाबतीत चुकतो.

घरापासून सुरुवात करा. तुमच्या कुटुंबाला हिंदू वारसा कायदा लागू आहे असे धरून लिहितो. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत 2005च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे आणि विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली तो निःसंदिग्ध केला. तुमचे लग्न होवो वा न होवो, हा हक्क जात नाही. राहते घर वडिलांच्या स्वतःच्या कमाईचे असेल, तर मात्र ते कोणालाही देण्याची त्यांना मोकळीक आहे. म्हणून “ती लग्न होऊन जाईलच” या गृहीतकावर कागदपत्रे होण्यापूर्वी तुम्ही तोंड उघडले पाहिजे. हक्कसोडपत्रावर सही करण्याची विनंती आली, तर स्वतःच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, मग विनंती करणारा भाऊ कितीही प्रेमळ असो.

आजारपणासाठी स्वतःच्या नावाने स्वतंत्र आरोग्य विमा घ्या. केवळ कंपनीने दिलेल्या विम्यावर विसंबू नका, कारण नोकरी सुटली की तोही सुटतो. आपण बोलण्याच्या स्थितीत नसू तेव्हा उपचारांबाबत कोणी निर्णय घ्यायचा, हे लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली असाध्य आजाराच्या अखेरच्या काळासाठी अशा आगाऊ वैद्यकीय निर्देशांना मान्यता दिली आणि 2023 साली त्यांची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करून घेता येते व एकाहून अधिक विश्वासू व्यक्तींची नावे त्यात घालता येतात. मानसिक आजाराच्या बाबतीत 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार कोणतीही प्रौढ व्यक्ती आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकते. तो नातेवाईकच असला पाहिजे, असे नाही. मृत्युपत्रही करून ठेवा. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही. ते नसेल, तर अविवाहित व अपत्यहीन स्त्रीची मालमत्ता आधी आईवडिलांकडे आणि ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे जाते. आयुष्यभर साथ देणाऱ्या मैत्रिणीला काही द्यायचे मनात असेल, तर ते लिहूनच ठेवावे लागेल. बँकेतल्या नामनिर्देशनावर भिस्त ठेवू नका, कारण नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, पण तेवढ्याने ती त्यांची मालक होत नाही.

मुलांविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी दत्तक घेता येते. दोन वर्षांपर्यंतचे बाळ हवे असेल, तर एकट्या पालकाचे वय 40पेक्षा जास्त नसावे लागते, एवढी मुदत लक्षात असू द्या. साहाय्यक प्रजननाच्या (टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांच्या) 2021च्या कायद्याने अविवाहित स्त्रीला ते उपचार खुले ठेवले आहेत. त्याच वर्षीच्या सरोगसी कायद्यात मात्र एकट्या स्त्रियांपैकी फक्त विधवा आणि घटस्फोटित स्त्रीला जागा आहे. एकटी स्त्री आई होऊ शकते हे मान्य करायचे, पण कधीतरी लग्न झालेले असण्याची अट घालायची, हा भेद मला अनाकलनीय वाटतो आणि तो जावा, असे माझे ठाम मत आहे.

सोबतीचा भाग कोणत्याही कागदपत्राने भागत नाही. अविवाहित राहणे या समाजात सोपे आहे, असे मी तुम्हाला खोटेच सांगणार नाही. पस्तिशीनंतर बहुतेक मैत्रिणी आपापल्या संसारात आणि मुलांच्या परीक्षांत गुरफटतात, एकट्या बाईला भाड्याने घर देताना मालक नाना प्रश्न विचारतात आणि घरातले कोणी आजारी पडले की ‘तिला काय, तिच्यामागे व्याप नाही’ असे म्हणत सगळी रजा तुमच्याच वाट्याला येते. हा शेवटचा धोका सर्वांत मोठा आहे, कारण तो प्रेमाच्या रूपाने येतो. आईवडिलांची सेवा जरूर करा, पण भावाचा वाटा पहिल्या दिवसापासून ठरवून घ्या. मैत्री टिकवणे हेही काम आहे असे समजून त्याला आठवड्यातला वेळ द्या आणि स्वतःसारखी एकटी राहणारी वडीलधारी माणसे ओळखीत ठेवा. त्यांना जे ठाऊक आहे ते मला लिहून सांगता येण्यासारखे नाही.

एका गोष्टीची मर्यादा मात्र आखून ठेवा. समजावणे, रडणे, रुसणे हे घरातले दबाव आहेत. फोन काढून घेणे, नोकरीवर जाऊ न देणे, मारहाण, परस्पर साखरपुडा ठरवणे ही जबरदस्ती आहे. 2005चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा केवळ पत्नीसाठी नाही, एका घरात राहणाऱ्या मुलीलाही त्याचे संरक्षण मिळते. 181 ही महिला मदतवाहिनी आहे. बळजबरीने मिळवलेल्या संमतीवर झालेला विवाह हिंदू विवाह कायद्यानुसार रद्द करून घेता येतो. मात्र बळजबरी संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तुमच्या पत्रावरून गोष्टी इथवर जातील असे मला वाटत नाही, पण तुम्हाला हे ठाऊक असलेले बरे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, उद्या मन बदलले तर. बदलू द्या. आजचा नकार हा आजच्या तुमच्या मनाचा आहे आणि तो जन्मभर पाळण्याची शपथ कोणी तुमच्याकडून घेतलेली नाही. ‘बघ, आम्ही म्हणत नव्हतो?’ हे ऐकावे लागेल या धास्तीने नको असलेले एकटेपण ओढत बसणे, हाही एक प्रकारचा सामाजिक दबावच आहे. लग्नाला कायद्याने किमान वय सांगितले आहे, कमाल वय सांगितलेले नाही. 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्याला 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि नोंदणीच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. पंचेचाळिसाव्या वर्षी तुम्हाला कोणी मनाजोगा भेटला आणि तुम्हा दोघांनाही लग्नच हवे असले, तर एवढी तयारी पुरेल. तेव्हा घरकाम, पैसा आणि नोकरी यांविषयी काय ठरले आहे, हे मात्र नोटीस देण्यापूर्वी एकमेकांशी स्पष्ट बोलून घ्या.